शाळेची वाकळ

आमच्या मास्तरांइतका अव्यवस्थित माणूस निजामाच्या साऱ्या मुलखात दुसरा नसेल. मी याद्या करणारा माणूस. हवी तर यादी देतो. डोक्याच्या रुमालाने ते फळा पुसत आणि पांढरा झालेला तोच रुमाल बांधून घरी जात. नांदूरघाटच्या बाजाराला निघाले, की बोलायला कुणी भेटल्यामुळे लिंबागणेशला पोचत. हजेरीपटात 'गैरहाजर' हा शब्द त्यांनी कधी लिहिला नाही. न आलेल्याच्या नावापुढे लिहीत, 'वाटेवर'. एकजण महिनाभर तापाने अंथरुणात होता, तरी वाटेवरच.

भांडणाऱ्या दोघांना ते मारत नसत. दोघांत एकच पाटी देत. एक अक्षर याने काढायचं, पुढचं त्याने. देशमुखांच्या पोराबरोबर मी असे आठ दिवस काढले. "तुजा काना लई वाकडा हाय रं," तो रोज म्हणे. आठव्या दिवशी मात्र ती पाटी परत द्यायला दोघांचाही हात पुढे होईना.

शाळेत बसायला एक भली मोठी वाकळ होती, घराघरातून आणलेल्या तुकड्यांची. माझा तुकडा आईच्या लुगड्याचा, देशमुखांचा मखमलीचा, कोंडिबाचा काळ्या घोंगडीचा. ज्याने त्याने आपल्याच तुकड्यावर बसायचं. दुपारी दारातून ऊन आत आलं, की टेकडीवरून शिवारं पाहावीत तशी ती दिसे. मास्तर बोलत राहत आणि आम्ही सगळे तिच्यावरून कुठेतरी तरंगत चाललोय असं वाटे.

कोंडिबा मेंढपाळाचा. दिवाळीनंतर तो कळपामागे गेला. वर्गाची व्यवस्था माझ्याकडे होती. रांगा सारख्या कराव्यात म्हणून मी त्याचा तुकडा उसवला, आणि बाजूचे तुकडे जोडायच्या आत दोरा संपला. मधोमध भोक राहिलं.

"कावून रं?" मास्तरांनी विचारलं.

"रिकामाच होता, मास्तर."

ते रागावले नाहीत. खुर्ची सोडून त्या भोकात, उघड्या मातीवर येऊन बसले. त्या दिवसापासून तिथूनच शिकवू लागले. थंडी गेली, ऊन तापलं.

"मास्तर, शिवून टाकतो."

"घाई न्हाई. ज्याची जागा हाय त्याला इचारून शिवू."

पण कळपामागे गेलेली पोरं शाळेत क्वचितच परतत. कोंडिबा आलाच नाही तर? मी रोज संध्याकाळी टेकडीकडे धूळ उठते का ते पाहू लागलो.

ज्येष्ठ महिन्यात तो दारात उभा राहिला, वीतभर उंच झालेला. वाकळीकडे पाहून म्हणाला, "माजी जागा गेली जणू," आणि मागे वळला.

मास्तर धोतर झटकत उठले. "जातूस कुटं? इतके दिस उबवत बसलोय. ये, बस."

मी दप्तरातून घोंगडीचा तुकडा काढला. मास्तरांनी आम्हा दोघांत एकच सुई दिली. एक टाका त्याने, एक मी. शिवण इतकी वाकडी आली की मला अजून सलते. पण ती उसवावी असं कधी वाटलं नाही.

पुढे मास्तरांची बदली झाली. कुठल्या गावी, ते कुणालाच नीट सांगता येत नाही. जुन्या माणसांची, कोण आता कुठे आहे याची, एक यादी माझ्या वहीत आहे. तीत त्यांच्या नावापुढची जागा बरीच वर्षं कोरी होती. काल भरली. वाटेवर.