लेखनाथचा पाचवा पर्याय

हिवाळ्यात दरभंग्याच्या हराही तलावावर धुकं उतरलं की समोरचा काठ दिसेनासा होतो. लेखनाथ झा नेमका अशाच वेळी पायऱ्यांवर येऊन बसायचा. मांडीवर सराव-पुस्तिका उघडी, पेन कानावर आणि नजर पाण्यात. माझी शिकवणी वरच्या रस्त्याला, पत्र्याच्या खोलीत. बँकेच्या परीक्षेसाठी मी तर्कशक्ती शिकवतो. स्वतः सात वेळा नापास झालोय, तेव्हा शिकवायचा पुरेपूर अधिकार मला आहे, असं मी पोरांना पहिल्याच दिवशी सांगून टाकतो.

लेखनाथ माझ्याकडे चार वर्षं होता. माझ्याहून जेमतेम तीन वर्षांनी लहान. इतका हुशार आणि इतका निरुपयोगी विद्यार्थी अख्ख्या दरभंग्यात दुसरा सापडायचा नाही. 'आठ जण गोल टेबलाभोवती मध्याकडे तोंड करून बसले आहेत,' असं मी फळ्यावर लिहिलं की बाकीची पोरं भराभरा वर्तुळं काढायला लागायची. हा डोळे मिटून घ्यायचा.

"झोपलास का रे?"

"नाही सर. बसतायत अजून ते. छ मागे राहिलीय, तिला चप्पल सापडत नाहीये."

वर्ग खदखदून हसायचा. पण मिनिटाभरात हा डोळे उघडून आठही जणांच्या जागा बिनचूक सांगायचा, कागदावर एक रेघ न ओढता. वर सांगायचा, 'चच्या डावीकडे जो बसलाय त्याला चशी बोलायचं नाहीये, म्हणून तो दाराकडे बघतोय.' मला राग यायचा आणि, खोटं कशाला बोलू, हेवाही वाटायचा. माझ्यासाठी ती नुसती अक्षरं होती. त्याच्याकडे ती धुक्यातून चालत यायची, अंगावरची शाल सावरत, एकमेकांना जागा देत. दिशांचा प्रश्न असला की हा मनातल्या मनात उत्तरेला पाच किलोमीटर चालून यायचा आणि परत आल्यावर वाटेत सरसों, म्हणजे मोहरी, फुलल्याचं सांगायचा.

त्याचं घोडं पेंड खायचं ते नात्यांच्या प्रश्नांत. तेही कोणाचं, तर पंजीकाराच्या पोराचं! आम्हा मैथिल ब्राह्मणांत लग्न ठरवायचं तर पंजीकाराची पायरी चढावीच लागते. तो आपली पंजी, म्हणजे वंशावळीच्या पोथ्या, उघडतो, बापाकडच्या सात पिढ्या बघतो, आईकडच्या पाच बघतो आणि मुलगा-मुलगी एकमेकांचे कोणी लागत नाहीत असं लिहून देतो. मग पुढची बोलणी. लेखनाथचे वडील भवनाथ झा तसे पंजीकार, त्यांचे वडीलही तेच, आणि त्यांच्याही आधीचे तेच.

तर प्रश्न असा होता : क आणि ख भावंडं आहेत. ग ही खची मुलगी. घ हा कचा मुलगा. तर ख हा किंवा ही घची कोण? लेखनाथने उत्तर लिहिलं, काका.

"पाचवा पर्याय वाचलास?" मी विचारलं.

"वाचला सर. सांगता येत नाही."

"मग? ख पुरुष की बाई हे कुठे दिलंय?"

"दिलंय की! ग ही खची मुलगी, असं लिहिलंय. मूल बापाच्याच नावाखाली लिहितात. म्हणजे ख पुरुष. तसाच क हाही पुरुष. दोघे भाऊ. म्हणजे काका."

"बापाच्याच नावाखाली लिहितात, हे कुणी सांगितलं तुला?"

"पंजीत तसंच असतं."

"अरे गाढवा, पेपर बँक काढते, तुझे बाबा नाहीत काढत!"

पालथ्या घड्यावर पाणी. त्याला पटायचं, तो मान हलवायचा, आणि पुढच्या सराव-परीक्षेत पुन्हा काका. एकदा तलावाच्या पायरीवर बसून त्याने कबूल केलं, "सर, कळतं मला. पण 'सांगता येत नाही' असं लिहायला हातच उचलत नाही. बाबांच्या दारातून हे ऐकून कुणी परत गेलेलं नाही. आमच्या घरात हे वाक्य नाही."

वाक्य नाही, पण चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. आदल्या वर्षी लेखनाथ सव्वा गुणाने राहिला. त्याच्या आदल्या वर्षी अर्ध्या. आणि आता फाल्गुनात त्याला तिसावं संपत होतं. ही परीक्षा गेली की वय गेलं, आणि फॉर्मच भरता येणार नव्हता. बापाच्या पोथ्यांवर जगावं, तर हल्ली लोक लग्नं फोनवर जुळवतात. भवनाथजींच्या ओट्यावर महिन्यात दोन माणसं आली तर आली. लेखनाथची पाण्याकडे बघायची वेळ लांबत चालली होती.

परीक्षेला महिना राहिला तेव्हा मी रविवारी त्याच्या गावी गेलो. तसा मी नेहमीच जायचो. त्याची आई तिलकोराच्या पानांची भजी करते, त्यांच्यासाठी मी दोन स्टेशनं उभ्याने प्रवास करू शकतो. भवनाथजी ओट्यावर पोथी घेऊन बसले होते. मी लेखनाथला बाजेवर बसवलं आणि नात्यांचे चाळीस प्रश्न समोर टाकले. नऊ वेळा पाचवा पर्याय बरोबर होता. नऊही वेळा याने काका, मामा, आजोबा काहीबाही लिहिलं होतं. माझा आवाज चढला.

"मास्तर," आतून त्याची आई म्हणाली. ती चुलीपुढे बसली होती, हातात झारा. "मी एक विचारू?"

"विचारा ना काकी."

"तुमचा तो ख. ती बाई नाही का असू शकत? मुलगी बाईलाही होतेच की. मला तर तीन मुलं झाली, बाई असून."

मला हसू फुटलं. लेखनाथ हसला नाही. "आई, पंजीत तसं..."

"पंजीत मी कुठे आहे रे?"

त्याला पाठच होतं. म्हणून दाखवल्यासारखा तो म्हणाला, "भवनाथांचा विवाह झंझारपूरच्या यदुनंदनांच्या कन्येशी." आणि थांबला.

"कन्यांची नावं लिहायची रीत नाही," भवनाथजी ओट्यावरून म्हणाले. "बाप आणि गाव लिहिलं की काम भागतं."

"भागत असेल." तिने भजी उलटली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. "पण तुमच्या आईचं नाव काय होतं हो?"

या माणसाला झोपेतून उठवलं तरी तो बावीस पिढ्या घडाघडा म्हणतो. त्याने तोंड उघडलं. "सुपौलवाली," तो म्हणाला. "सगळे तिला सुपौलवालीच म्हणायचे."

"ते गाव झालं."

भवनाथजींनी पोथीचं एक पान उलटलं, मग परत मागे घेतलं. तिथे काही नाही हे त्यांच्याहून जास्त कुणाला ठाऊक होतं? मग ते म्हणाले, "नाही सांगता येत."

लेखनाथने डोळे मिटले. ओट्यापलीकडे सरसोंचं शेत पिवळंधमक फुललं होतं आणि धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. पहिल्यांदाच मी त्याला झोपलास का असं विचारलं नाही.

"सगळे येऊन बसलेत, सर," तो हळूच म्हणाला. "पोथीतले. बावीस पिढ्या, गोल करून. प्रत्येकाच्या शेजारी कुणीतरी बसलंय. पदर दिसतोय, हात दिसतोय. तोंड नाही दिसत."

"मग त्यांना विचार नाव."

"विचारलं." त्याने डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते. "त्या एकमेकींकडे बघतायत."

मी चाळीस प्रश्न गुंडाळून पिशवीत टाकले. त्या दिवशी पुढे काही शिकवलं नाही.

मुजफ्फरपूरच्या केंद्रावरून तो बाहेर आला तेव्हा मी फाटकाशी उभा होतो, पोराचा बाप उभा राहावा तसा. नात्यांवर पाच प्रश्न आले होते म्हणाला. "दोन ठिकाणी पाचवा लिहिला."

"हात उचलला?"

"उचलला. पुढचा प्रश्न घेण्याआधी मात्र जरा थांबलो, सर. ती कुणी बाई असेल तर तिला नीट बसू दिलं."

परीक्षेच्या दालनात असा वेळ घालवणाऱ्याचं काय करायचं! मी कपाळाला हात लावला. नंतर कित्येक आठवडे मला झोप लागली नाही, जसा काही आठव्यांदा मीच बसलो होतो.

निकाल लागला. पाऊण गुणाने लेखनाथ वर होता. मी शिकवणीला कुलूप घातलं, शेरभर पेढे घेतले आणि गाडी पकडली. भवनाथजी ओट्यावर पंच्याने डोळे पुसत होते, येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून सांगत होते. लेखनाथ देवळात गेला होता. त्याची आई मागे हातपंपाशी भांडी घासत होती.

मी हाक मारायला तोंड उघडलं आणि हाक न मारताच पंपाशी जाऊन उभा राहिलो. चार वर्षं मी या बाईच्या हातचं जेवलो होतो. तर्कशक्ती शिकवत होतो मी लोकांना.

"काकी," मी म्हणालो, "तुमचं नाव काय?"

ती हसली. "काय मास्तर, पेढ्यांबरोबर भांगही घेतलीत वाटतं. झंझारपूरवाली."

"गाव नको. नाव सांगा."

तिने राखेचे हात धुतले, पदराला पुसले. ओट्याकडे एकदा बघून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "कुशेश्वरी." आणि लगेच, जरा घाबरून, "का हो, कुठे लिहायचंय का?"