रेशनकार्डावरून कमी झालेलं नाव

परभणीच्या स्टँडवर आईनं मला बसमध्ये बसवलं, तेव्हा पिशवीत शेंगदाण्याची चटणी होती आणि तेल लागू नये म्हणून वेगळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली रेशनकार्डाची झेरॉक्स. "कोणी इचारलं तर दाखीव. कुणाचा हाईस ते कळंल."

चाकणच्या कंपनीत कुणी विचारलं नाही. नाइट शिफ्ट चालेल का, एवढंच विचारलं.

आता पुण्याजवळ थेरगावात राहतो. मुलीच्या शाळेसाठी इथल्या पत्त्याचा पुरावा हवा होता. इथलं रेशनकार्ड काढायचं तर गावच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला आणि भाडेकरार, दोन्ही लागतं. भाडेकरू उद्या खोलीवर हक्क सांगेल या भीतीनं इथले बरेच मालक कागदच करत नाहीत. आमचे मालक मात्र म्हणाले, "तुमी गावचं नाव कमी करून आणा, मग देतो करार."

मी लगेच घरी फोन लावला. आई म्हणाली, "नाव कमी करतेत लेक सासरी गेल्यावर, न्हाईतर माणूस मेल्यावर. तू कशात बसतूस?"

मी हसलो. तेव्हा हसू आलं, खरंच.

बाबांनी तहसीलला खेटे घालून आम्हा तिघांची नावं कमी केली. दाखला घेऊन मी मालकांपुढे उभा राहिलो, तर ते म्हणाले, "आमचं पोरगं नको म्हणतंय, राव. ऱ्हावा की निवांत, पर कागद न्हाई द्यायचा." माणूस वाईट नाही. सणाला आमच्याकडे पुरणपोळी पाठवतो, त्यामुळे धड भांडताही येत नाही. राग माझाच येतो. इथं नाव चढायच्या आधी तिथलं उतरवायची घाई मलाच झाली होती. शाळेच्या प्रवेशाची मुदत टळली. मुलगी सध्या घरीच आहे, शेजारची पोरं दप्तर घेऊन निघाली की दारात जाऊन उभी राहते.

गावातले म्हणतात, तू काय बाबा, पुणेकर झालास. मी मान डोलावतो.

दिवाळीनंतर निघताना आईनं बायकोची ओटी भरली. मग काय वाटलं कोण जाणे, एक नारळ माझ्याही हातात दिला आणि पदर डोळ्याला लावला. बस सुटेपर्यंत मी तो नारळ मांडीवर धरून बसलो होतो, सासरी निघालेल्या लेकीसारखा. पण लेकीचं नाव सासरच्या कार्डावर तरी चढतं.