खायला चालतं, मग ओढायला का नाही?

इंडोनेशियातल्या मलांग शहराच्या त्या गल्लीत वार्सितोला काय येत नाही, ते विचारा. शिलाई मशीन दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. पण गिऱ्हाइकाची मशीन उघडी टाकून हा त्याला मूळव्याधीवरचं औषध सांगत बसणार. लवंगेची सिगारेट सोडून त्यानं व्हेप, म्हणजे वाफेची विजेवरची सिगारेट, धरलं आणि महिन्याभरात जाहीर केलं, की त्यात भरायचं दुकानातलं तयार लिक्विड म्हणजे निव्वळ लूट आहे.

"दोन पातळ द्रव नि थोडा वास. यात काय रॉकेट सोडायचंय?"

ते पातळ द्रव त्यानं व्हेपच्या दुकानातून आणले. तिथली मुलगी बिचारी बजावत होती, "काका, वास याच कामासाठी बनवलेलाच घ्या. तेलातला नको, साखरेचा नको, लोण्याच्या वासाचा तर बिलकूल नको. मोजून थेंबभर घाला. आणि एवढं करूनही धोका उरतोच, बरं का!" वार्सितोनं मान डोलावली. ऐकायचं नसलं की तो अशीच मान डोलावतो.

घरी तर खजिनाच होता. बायको एन्दांग ऑर्डरचे केक आणि चॉकलेटं करायची. तिच्या कपाटात इसेन्सच्या बाटल्यांची रांग लागलेली. त्यातली पांदानच्या पानाच्या वासाची हिरवी बाटली यानं उचलली. तिच्यावर हलालचा शिक्का, शिवाय अन्न खात्याचा नंबर! झालं. सरकारनं पास केलं, मौलवींनी पास केलं, मग दुकानातली पोरगी कोण नापास करणारी? थेंब कसले मोजतोय, यानं चमच्यानं ओतलं.

मिश्रण काही केल्या एकजीव होईना. वर हिरवा तवंग, खाली पाणचट. दुसरा कुणी असता तर थबकला असता. यानं बाटलीवर चिठ्ठी डकवली, 'ओढण्याआधी जोरात हलवा', आणि अस्सल मालाची हीच खूण असं सगळ्यांना सांगत सुटला.

सगळे हसले, पण यूनुस हसला नाही. यूनुस म्हणजे एन्दांगचा धाकटा भाऊ. सफरचंदाच्या बाजारात पेट्या उचलायचा, बायकोला सातवा महिना लागलेला. बाळ यायच्या आत सिगारेट सोडतो असा शब्द त्यानं बायकोला दिला होता. भावजींवर त्याचा भाबडा विश्वास. त्यानं एक बाटली नेली, संपली तशी दुसरी नेली.

मग दोघंही खोकू लागले. गल्लीचं निदान ठरलेलं: अंगात वारं शिरलंय! एन्दांगनं रीतसर दोघांना पालथं पाडलं, बाम चोळला आणि नाण्यानं पाठ खरवडून लालभडक पट्टे काढले. "बघ, केवढं वारं निघालं!" असं म्हणत वार्सितो उठला आणि पाठीवर सदरा चढवायच्या आत त्यानं एक झुरका मारला.

खोकल्याच्या तिसऱ्या आठवड्यात एन्दांगकडे लग्नाच्या चॉकलेटांची ऑर्डर आली. तिनं कपाट उघडलं, तर हिरवी बाटली तळाला गेलेली.

"अहो, माझा पांदान कुणी प्यायला?"

"प्यायला नाही, ओढला," वार्सितो ऐटीत म्हणाला. "तुझ्याच हातची चव आहे त्यात."

एन्दांगचा हात कपाटाच्या दारावरच राहिला. "तो तेलातला आहे! पाण्यातला घातला तर चॉकलेटचा गोळा होतो, म्हणून मुद्दाम तेलातला आणते मी!" तिनं पेल्यात पाणी घेतलं आणि उरलेले चार थेंब सोडले. हिरवं तेल वर पसरलं. "हे छातीत भरताय तुम्ही?"

"हलाल आहे ते!"

"भातही हलालच आहे. एक शीत श्वासात गेलं तर डोळे पांढरे करता ना? पोटाचा शिक्का छातीला कसा चालेल, मेल्या?" लग्नाच्या वीस वर्षांत ती नवऱ्याला पहिल्यांदाच मेल्या म्हणाली. पुढच्या क्षणी तिला भाऊ आठवला आणि ती हातातलं काम तसंच टाकून चपला शोधू लागली.

यूनुस बाजारातच सापडला, उलट्या पेटीवर बसलेला. एक पेटी उचलायला गेला आणि दमच लागला, असं बाकीचे हमाल सांगत होते. ओठ निळसर पडलेले. एन्दांगनं आणि तिच्यामागून धावत आलेल्या वार्सितोनं त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

छातीचा एक्स-रे बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फुप्फुसात तेलकट काहीतरी गेलेलं दिसतंय. काय ओढत होता? नीट सांगा, उपचार त्यावर ठरतील."

यूनुसनं वार्सितोकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "बाजारातून घेतलं होतं, बाई. कोण विकत होता, ठाऊक नाही."

एन्दांग नवऱ्याकडे बघत राहिली. उभ्या जन्मात दुसऱ्याच्या कामाचंही श्रेय घेणारा हा माणूस आता भिंतीवरचा तक्ता वाचू लागला. आपल्याला वाचवायला हा पोरगा खोटं बोलतोय आणि त्या खोट्यानं त्याचाच जीव जाईल, हे त्याला कळत होतं. पार लाज वाटली त्याला.

"मी केलं होतं," तो शेवटी म्हणाला. "चॉकलेटात घालायचा पांदानचा इसेन्स, तेलातला. शंभर मिलीत तीन चमचे."

डॉक्टरीणबाईंनी ते अक्षर न् अक्षर लिहून घेतलं. मग पेन थांबवून विचारलं, "आणि तुम्ही किती दिवस ओढताय?"

"दोन महिने," असं म्हणता म्हणता त्याला ढास लागली.

"सदरा काढा," त्या म्हणाल्या आणि नवा कागद घेतला.

वार्सितोला बटणं सापडेनात. एन्दांग पुढे झाली आणि तिनं एकेक करून काढून दिली.