पुरुषांच्या बाजूचा आवाज

डोळा लागतोय न लागतोय, तोच एस्तेरच्या कानात ड्रम पुन्हा वाजायला लागतो. सकाळच्या उपासनेपासून तो कानातून हललेलाच नाही. घरी येऊन तिने वरणभात गरम करून खाल्ला, एकुलतं ताट धुऊन पालथं घातलं आणि कपडेही न बदलता पलंगावर अंग टाकलं. रविवारची दुपार. खालच्या मजल्यावरचा टीव्हीसुद्धा पेंगतोय. ड्रम मात्र पायांकडून वर चढत येतो, पोटऱ्यांतून, गुडघ्यांतून, आणि छातीपाशी पोचतो तेव्हा पलंगाच्या जागी लाल प्लास्टिकची खुर्ची असते.

म्हणजे ती पुन्हा तिथेच आहे. सावेडीच्या त्या मंगल कार्यालयात, जिथे दर रविवारी सकाळी नवं चर्च भरतं. वधूवरांच्या सोनेरी खुर्च्या भिंतीला सारून स्टेजवर ड्रम मांडलाय, गिटारवाली मुलं वायरी ओलांडत फिरतायत, पडद्यावर गाण्याचे शब्द हातभर अक्षरांत येतायत. 'आज आपल्या फॅमिलीत नवीन कोण आलंय?' असं सकाळी माइकवरून विचारलं गेलं, तेव्हा शेजारच्या मुलीने एस्तेरचा हात धरून वर केला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पंचेचाळिशीच्या बाईने उभं राहून टाळ्या घ्यायच्या, त्याही नुसतं आल्याबद्दल. मुलगी गोड होती. तिने कागदी कपातून कॉफी आणून दिली.

आता ती मुलगी नाही. बघता बघता गिटारवालेही नाहीत. खुर्च्या तेवढ्या आहेत, आणि वाजवणाऱ्यावाचून वाजणारा ड्रम.

"सरक जरा," कोणीतरी म्हणतं.

ती सरकते, आणि पप्पा तिच्या शेजारी बसतात. अंगावर काळा कोट आहे, नाताळाच्या आधी त्यांना माती दिली तेव्हा घातलेला. पायांत नुसते मोजे.

"बूट कुठे गेले तुमचे?"

"तुम्ही दिले कुठे? बर्णबा म्हणाला, आत कोण बघतंय." ते स्टेजकडे मान लांब करून बघतात. "लग्न कोणाचं?"

"लग्न नाही, पप्पा. उपासना आहे."

"मग पाळकसाहेब?"

"तो काय. जीन्समधला." आणि तो असतो तिथे, गालाला माइक चिकटवलेला.

"तो होय. मला वाटलं लाइटवाला."

एस्तेरच्या हातात कॉफीचा कप आहे. पप्पा तो घेतात, हुंगतात, परत देतात. "चालू उपासनेत देतात?"

"हो."

"आम्हाला दिली असती तर निम्मं देऊळ प्रवचनाला जागं राहिलं असतं."

चर्चला ते देऊळच म्हणायचे. त्यांच्या पिढीने तो शब्द कधी सोडला नाही. आणि त्या देवळात पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे, मधे वाट. एस्तेर लहानपणी आईच्या मांडीवर, मग आईच्या शेजारी, आई गेल्यावर आईच्या जागेवर. जन्मभर एका छताखाली प्रार्थना केली दोघांनी, पण पप्पांच्या खांद्याला खांदा लावून ती एकदाही बसलेली नाही. खांदा टोकदार आहे. कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास येतोय.

खुर्च्यांच्या रांगेपुढून एक नर्स सलाइनचा स्टँड ढकलत जाते. मंगल कार्यालयाची फरशी इस्पितळाच्या व्हरांड्याची झालीय. पप्पा पाय आत घेऊन तिला वाट देतात.

"तू इथं काय करतेस, एस्तू?"

"उपासनेला नवीन मंडळी शोधतेय."

"जुनीने काय केलं?"

"काही नाही."

"कोणी बोललं का तुला?"

"नाही हो."

"मग?"

हे तिने कोणालाच सांगितलेलं नाही. देवळात गायन सुरू झालं की पुरुषांच्या बाजूने एक जाड, खोल आवाज उठायचा. विहिरीत कोणी बोलावं तसा. तो पप्पांचा आहे, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. ती ते धरूनच चालली होती. घरच्या प्रार्थनेत गायची ती आई. पप्पा शास्त्रपाठ वाचायचे आणि गायनाच्या वेळी 'गळा बसलाय' म्हणून डोळे मिटायचे. एस्तेरला वाटायचं, आवाज रविवारसाठी राखून ठेवत असतील. आणि मग मातीनंतरचा पहिला रविवार. सगळे उभे राहिले, पेटी वाजली, आणि पलीकडून तोच जाड आवाज उठला. ती वळून बघेपर्यंत क्षणभर तिचा पप्पांच्या मरणावर विश्वासच नव्हता. तिकडे गॅस एजन्सीवाले बर्णबा काका तोंड उघडून गात होते. गात आले होते, ती जन्मल्यापासून.

त्या रविवारी ती अर्ध्या उपासनेतून निघून आली. माणूस गेला याचं दुःख सगळ्यांना कळतं, त्यासाठी लोक डबे आणून देतात. पण ज्या आवाजासाठी रडायचं तो आवाज आपण ऐकलेलाच नाही, हे कोणाला जाऊन सांगणार?

आता ते ती पप्पांना सांगते. थोडक्यात सांगते. पप्पा मोज्यातला अंगठा हलवत ऐकतात.

"तुम्ही कधी बोलला नाहीत," ती म्हणते.

"काय बोलायचं? रविवारच्या शब्बाथशाळेच्या पायऱ्यांवर तू पोरींना सांगत होतीस, तो मोठा आवाज आमच्या पप्पांचा. मी मागेच उभा होतो."

"मग तेव्हाच सांगायचं."

"एवढी छाती काढून सांगत होतीस. कशाला मोडायचं?" ते घसरलेला मोजा वर ओढतात. "त्यानंतर मी ओठच हलवायचो जास्त करून. म्हटलं चुकून पलीकडे ऐकू गेलो तर पंचाईत."

"एवढी वर्षं?"

"बर्णबाचं बरं झालं. मोठा आवाज आहे त्याचा. खपून जातं."

एस्तेर हसत नाही. तिला आता एकच हवंय, आणि ते मागायला ती इतकी घाबरलीय की कप दोन्ही हातांनी धरते.

"मग आता म्हणा ना."

"इथं? ह्या धडधडाटात?"

"म्हणून तर. कोणाला ऐकू जायचं नाही."

पप्पा घसा खाकरतात, पडद्याकडे बघतात, चष्मा नाही म्हणून सोडून देतात आणि डोळे मिटतात. त्यांचे ओठ हलतात. ड्रमखाली काही ऐकू येत नाही. ती कान जवळ नेते. ड्रम. आणखी जवळ नेते, शेवटी लहान मुलासारखं डोकं त्यांच्या छातीवरच टेकते. कोटाचं बटण कानाखाली रुततं. ती हलत नाही. खुर्च्यांचे बाक झालेत, देवळाची उंच खिडकी आलीय, मधली वाट मात्र कुठेच दिसत नाही. डावी बाजू आणि उजवी बाजू एकमेकींत मिसळून एकच बाक लांबच लांब गेलाय आणि त्यावर दोघंच आहेत.

मग ते ऐकू येतं. बारीक आवाज, जरासा नाकातला. गाण्याच्या एक पाऊल मागून चालणारा. वरची पट्टी आली की तो चढायचा विचारही करत नाही. खालीच थांबतो, गाणं उतरून येईपर्यंत वाट बघतो, आणि आलं की मुकाट्याने पुन्हा त्याच्या मागे चालू लागतो.

"बेसूर आहे," ती म्हणते.

"ते माहितीये मला." त्यांचं हसणं तिच्या कानाला नाही, गालाला कळतं.

"मी जाऊ कुठे, पप्पा? इथे येऊ का तिथे जाऊ?"

"ते तुझं तू बघ. पण हे लोक फार वेळ उभं करतात, एस्तू. तुझे गुडघे दुखतात."

"पुन्हा म्हणा. एकदाच."

ते श्वास घेतात. छाती तिच्या गालाखाली वर येते.

खाली कोणीतरी पाण्याची मोटर बंद करतं आणि सगळी इमारत गप्प होते.

एस्तेर पलंगावर कुशीवर पडलेली आहे. उन्हं पडद्यावर आलीयत. ती हलत नाही, डोळे उघडत नाही, आवाज धरून ठेवायचा प्रयत्न करते. बारीक होता. नाकातला होता. शब्द आठवतात, आवाज येत नाही. ती जितकी ओढते तितका विहिरीतून बर्णबा काकांचा आवाज वर येतो, ठणठणीत, सुरात.

ती उठून तोंड धुवायला बेसिनपाशी जाते आणि आरशात बघून थांबते. उजव्या कानाखाली, जबड्याच्या हाडावर, एक गोल वळ उमटलाय. मधे चार बारीक ठिपके. ती आपला कुर्ता चाचपते; तो डोक्यातून घालायचा, त्याला बटण नाही. परत जाऊन उशी उलटीपालटी करते. अभ्र्याला नाड्या आहेत. चादर साधी. पलंगावर दुसरं काहीच नाही.

ती वळावर बोट ठेवते. खोल आहे, कड बोटाला लागते. चहाच्या वेळेपर्यंत तो निघून जाईल, हे तिला कळतं.

ती नळ सोडते आणि दुसरा गाल तेवढा धुते.