शरीरातलं काय आवडतं, ते लिहा

नववीच्या मुलांना ‘स्वतःच्या शरीराचा स्वीकार’ शिकवायचा, असं पत्र शाळेत आलं आणि मुख्याध्यापकांनी ते सरळ माझ्या टेबलावर आणून ठेवलं. सहा तास घ्यायचे, प्रत्येक तासाचे फोटो वर पाठवायचे. मी विज्ञान शिकवते, तेव्हा शरीर माझ्याच खात्यात. शिक्षकखोलीत खेळाचे सर चहा पीत होते. ते म्हणाले, “मॅडमच बरोबर हायत की त्याला. अनुभव हाय त्यास्नी.”

सगळे हसले. माझं वजन हा आमच्या खोलीतला बारमाही विषय. मीही हसले, आणि का हसले म्हणून दिवसभर स्वतःवरच चिडत राहिले.

त्याआधी एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. तिथल्या बाईंनी सांगितलं की, मुलांना रोज आरशासमोर उभं राहून स्वतःला ‘आय लव्ह यू’ म्हणायला लावा. आमची शाळा उचगावच्या कडेला. पोरं सकाळी म्हशींना वैरण टाकून वर्गात येतात. त्यांना मी हे सांगितलं असतं, तर पुढचा आठवडाभर शाळेत दुसरं काही ऐकू आलं नसतं. मी ते पान उलटलं आणि माझ्या मनाने तास घ्यायचं ठरवलं.

पहिल्या तासाला चिठ्ठ्या वाटल्या. फळ्यावर लिहिलं, ‘तुमच्या शरीरातलं तुम्हाला काय आवडतं? नाव घालू नका.’

“मॅडम, हे परीक्षेला हाय काय?”

“नाही.”

“मग कशाला लिव्हायचं?”

दहा मिनिटं यातच गेली. शेवटी चिठ्ठ्या जमल्या आणि मी एकेक मोठ्याने वाचू लागले. कितीतरी कोऱ्या होत्या. चार-पाच जणांनी ‘दंड’ लिहिलं होतं. एकाने लिहिलं होतं, ‘पाय. एस.टी. चुकली तरी घर गाठतात.’ ही मला फार आवडली. मुलींच्या बऱ्याच चिठ्ठ्यांवर ‘काहीच नाही’ एवढंच. मग एक चिठ्ठी उघडली आणि मोठ्याने वाचण्याआधीच थांबले. ‘सातवीत मॅडमनी मला लेझीममधून काढलं. म्हणाल्या, ओळ बिघडतीया. तवापासून मी डबा खात न्हाई.’

“वाचा की मॅडम,” मागच्या बाकावरून आवाज आला.

“अक्षर लागत नाही,” मी म्हणाले आणि चिठ्ठी मुठीत धरली.

अक्षर लागत होतं. त्या अक्षरातल्या वह्या मी दर आठवड्याला तपासत होते. आणि सातवीची लेझीम शाळेत मीच बसवते.

मला तो प्रसंग आठवला, तोही नीट नाही. याचाच सगळ्यात राग आला. पंधरा ऑगस्टची तयारी, वरून ऊन, मुलींच्या ओळी काही केल्या सरळ होईनात. मी तिला बाजूला घेतलं असेल, ते वाक्य बोलले असेन, आणि पुढच्या मुलीकडे वळले असेन. तिने मात्र ते वाक्य दोन वर्षं रोज दुपारी डब्याबरोबर उघडलं होतं.

मधल्या सुट्टीत मी तिला प्रयोगशाळेत बोलावलं. उंच मुलगी. गणवेश खांद्यावरून ओघळत होता. ते आपल्याला आधी कसं दिसलं नाही, या विचाराने माझं डोकं फिरलं.

“डबा कुठाय तुझा?”

“हाय की दप्तरात.”

“खात का नाहीस?”

“भूकच लागत न्हाई.” मग माझा चेहरा बघून म्हणाली, “सोडा की मॅडम. दोन वर्सं झाली त्याला.”

“डब्याचं काय करतेस?”

“कुत्र्याला घालते. आईला सांगू नगासा.”

सांगायला तर हवंच होतं. मी तसं तिला स्पष्ट सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या आईला बोलावलं. आई डेअरीत दूध घालून तशीच आली होती. मी म्हणाले, मुलगी दुपारची उपाशी राहते, तिला डॉक्टरांना दाखवायला हवं. आई ऐकत राहिली आणि म्हणाली, “व्हय, जरा वाळलीया खरं. पर सगळी म्हणत्यात, आता पोरगी बरी दिसतिया. पुढं जाऊन सोयरीक जमवायची म्हंजे हे बघायला लागतंच की मॅडम.”

“अहो, ती चौदा वर्षांची आहे!” माझा आवाज एवढा चढला की शिपाई डोकावला. आई मान खाली घालून म्हणाली, “महिन्याचं बी कवा येतंय, कवा न्हाई.” तेव्हा तिचे डोळे भरले. त्याच शनिवारी ती मुलीला दवाखान्यात घेऊन गेली. रक्त फार कमी निघालं.

दुसऱ्या तासाला मी ठरवलेलं सगळं बाजूला ठेवलं. वर्गासमोर उभी राहिले आणि कोणाकडेही न बघता सांगितलं की, एका मुलीला मी तिच्या अंगावरून बोलले होते, ते चुकलं, मी तिची माफी मागते. एवढ्यात मुख्याध्यापक मोबाईल घेऊन दारात.

“फोटो राहिलाय मॅडम. जरा बऱ्या दिसणाऱ्या पोरी पुढच्या बाकावर घ्या की.”

मला वाटलं, आता आपण किंचाळणार. “सर, तास कशाचा चाललाय?”

“म्हणूनच म्हणतोय. वर जाणार हाय फोटो.”

“कोणीही जागा बदलणार नाही.” ते म्हणाले, “बीपी बघून घ्या मॅडम,” आणि तसाच फोटो काढून निघून गेले.

त्यानंतर ती मुलगी दुपारी प्रयोगशाळेत येऊ लागली. मी माझा डबा उघडायचे, ती तिचा. आधी चतकोर भाकरी, तीही पाण्याबरोबर ढकललेली. काही दिवस नुसतीच बसायची, तेव्हा मी जोर करत नव्हते. जोर करू नका, असं डॉक्टरांनी तिच्या आईला बजावलं होतं. दिवाळीनंतर अर्धी भाकरी झाली, गोळ्या नियमित झाल्या. एकदा मीच विषय काढला.

“यंदा सव्वीस जानेवारीला लेझीममध्ये येतेस? नववीच्या मुलींची वेगळी ओळ करू.”

तिने घास संपवला. “नको मॅडम. मला लेझीम तवाबी आवडत नव्हती.” मग म्हणाली, “पर काढायला नको हुतं.”

“नको होतं,” मी म्हणाले.

तिने माझ्या डब्यातली ठेच्याची वाटी स्वतःकडे ओढली.