हजेरीची सही

आत्ताच साताऱ्याहून सांगलीला घरी आले. मन थाऱ्यावर नाही, पण लिहायलाच हवं, कारण चूक माझी आहे.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. गावाच्या गायरानावर मोठा सौर प्रकल्प यावा का, हे सरकारी अहवालासाठी विचारायला गेल्या वर्षी कोयनेकडच्या एका गावात गेले होते. लोक कोऱ्या कागदावर सही करायला कचरत होते. मीच म्हणाले, "अहो, नुसती हजेरी आहे." माझ्या शब्दावर सगळ्यांनी सह्या केल्या. मग एकेक जण उठून 'नको' म्हणाला. ते सगळं मी अहवालात लिहिलं आणि सह्यांची पानं शेवटी जोडली.

आज साताऱ्यात प्रकल्पाच्या सुनावणीत सरकारी साहेबांनी तीच पानं वर धरली. "ही बघा गावाची संमती."

मी उठून ओरडले, "ती हजेरी आहे! आत वाचा, लोक नको म्हणालेत!"

"अहवाल मोठा आहे, मॅडम. नंतर बघू," साहेब म्हणाले आणि पुढच्या विषयाकडे वळले.

बाहेर त्या गावचे आबा भेटले, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "फौजेत हजेरी दिली की हुकूम मानायचा, हे ठावं व्हतं. गावात बी तसंच आसतंय, ते न्हाई कळलं."

मग थांबून त्यांनी विचारलं, "मॅडम, न्हाई म्हणायची सही कुठं करायची आसती?"

म्हणून इथे विचारते. तुमच्यापैकी कुणाला माहीत आहे?