पांढरी चारमधलं सिंगापूर

सिंगापूरचं तिकीट माझ्या लेकीनं काढलं खरं, पण आमंत्रण शमुवेलदादाला होतं. दादा माझा चुलत भाऊ. आधी वकील, मग जिल्हा न्यायाधीश, निवृत्तीनंतर आमदार, आणि वर ख्रिस्ती भजनं गाणारा! देवानं एकाच माणसाला किती द्यावं? नगरला चाळीस वर्षं तो गातोय आणि शेजारी मी पेटी वाजवतोय. संगीत विशारद मी, टाळ्या त्याला. २०१६च्या नाताळाआधी सिंगापूरच्या तोआ पायोह भागातल्या एका चर्चमध्ये तिथल्या मराठी मंडळींनी त्याची भजनं ठेवली, तेव्हा रूथ फोनवर म्हणाली, "पप्पा, काकांना साथीला तुम्ही लागताच ना? मग तुम्हीही या." तुम्हीही! तो 'ही' मी मुंबईपासून सिंगापूरच्या चांगी विमानतळापर्यंत चघळत होतो.

जाणाऱ्यांनो, टॅक्सीच्या नादी लागू नका. विमानतळावरच कार्ड घ्या आणि एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, पकडा. रूथचा फ्लॅट बुकित बातोकला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, पण गाडी गारेगार असते. आम्हाला उभं पाहून एका मुलीनं लगेच जागा दिली. दादाला. तो माझ्याहून सहाच महिन्यांनी मोठा आहे.

सकाळचा नाश्ता बिल्डिंगखालच्या हॉकर सेंटरमध्येच, म्हणजे एका छपराखालच्या खाऊच्या ठेल्यांवरच करा. टोस्ट, त्यावर नारळाचा गोड जाम, अर्धी कच्ची अंडी आणि कोपी, म्हणजे घट्ट दुधाची कॉफी. सगळं तीन-चार डॉलरांत. दादा रांगेत नुसता गुणगुणत होता, तर कोपीवाली बाई विरघळलीच. "अंकल, यू सिंगर आह?" म्हणाली आणि एक टोस्ट जास्तीचा दिला. मी विशारद असल्याचं तिला कोण सांगणार?

पेटी विमानातून नेणं जिवावर आलं होतं, म्हणून चर्चच्या कीबोर्डवर भागवायचं ठरलं. दादाची पट्टी काळी एक. मी काळी एक दाबली आणि सूर आला पांढरी चारचा, चांगला चढा! सूर वर सरकवायचं बटण कुणीतरी दाबून तसंच ठेवून दिलं होतं. मी ते शोधतोय तोवर दादानं सुरुवातही केली. ध्रुपद कसंबसं निभावलं, पण अंतऱ्याला आवाज चिरला. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

दादा थांबला. निकाल द्यावा तशा आवाजात म्हणाला, "मंडळी, ही पट्टी माझ्या भावाची आहे. तेव्हा गाणंही त्याचंच."

पट्टी खरंच माझी. पांढरी चारला मी मोकळा होतो. चाळीस वर्षांचं साठलेलं गायलो. मंडळींनी ध्रुपद उचललं. नात सारा पहिल्या बाकावरून ओरडली, "आजोबा, सो शिओक लाह!" शिओक म्हणजे तिथलं झकास.

आणि मग चहाच्या वेळी काय ऐकलं? पुण्याचा एक आयटीवाला म्हणत होता, "न्यायाधीशसाहेबांचं मन किती मोठं हो!" रूथही म्हणाली, "पप्पा, काकांनी किती छान सांभाळून घेतलं तुम्हाला." सांभाळून घेतलं, मला! हातातला सामोसा मी तसाच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी ऑर्चर्ड रोडची नाताळची रोषणाई पाहिली. अंधार पडल्यावर आणि पायीच जा, चुकवू नका. चर्चमधल्या दोघांनी दादाला तिथेही ओळखलं आणि त्याच्यासोबत फोटो हवा म्हणाले. फोटो मी काढून दिला.

नगरला परतल्यावर रूथनं माझ्या गाण्याचा व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर पाठवला. बघतो तर त्यात मी नाहीच! आवाज माझा, चेहरा दादाचा. पोटच्या पोरीनंही मोबाईल त्याच्यावरच धरलेला. संतापून बंद करणार होतो, तेवढ्यात नीट पाहिलं. सुरुवातीला दादा हसत होता, ताल धरत होता. मग मी वरचा सा लावला, मागून मंडळींची वाहवा आली, आणि त्याचा हात थांबला. हसू ओठांवर तसंच राहिलं, जबडा मात्र आवळला गेला. तो चेहरा मी ओळखणार नाही तर कोण? पेटीमागे मी तोच घेऊन बसत आलोय.

व्हिडिओ मी रोज बघतो. प्रभू मला क्षमा करो, जिवाला फार बरं वाटतं.